संध्याकाळी बंद, सकाळी चालू: पीओई कॅमेरा रात्री वारंवार रीस्टार्ट होतो तेव्हा

दिवसभर चित्र स्वच्छ. दिवेलागणीला ते जातं, मिनिटभराने परत येतं, पुन्हा जातं. रात्रभर हेच चालतं. उजाडलं की सगळं सुरळीत, आणि टेक्निशियन अकरा वाजता येतो तेव्हा त्याला दाखवायला काहीच उरलेलं नसतं. मग कॅमेरा बदलला जातो. आठवडाभरात नवा कॅमेराही तेच करू लागतो.

पीओई (पॉवर ओव्हर इथरनेट) म्हणजे डेटा आणि वीज एकाच नेटवर्क केबलमधून देणं. या तक्रारीत कॅमेरा क्वचितच दोषी असतो. अंधार पडला की त्याचे आयआर (इन्फ्रारेड) एलईडी लागतात आणि दिवसा ४-५ वॅटवर भागवणारा कॅमेरा ९ ते १२ वॅट मागू लागतो. दिवसा पुरणारी लाईन रात्री अपुरी पडते, एवढीच गोष्ट. दोष स्विचच्या (सगळ्या कॅमेऱ्यांच्या केबल जिथे येतात आणि जिथून त्यांना वीज मिळते त्या पेटीच्या) एकूण क्षमतेत असतो, नाहीतर केबलमध्ये, नाहीतर जोडात. यातलं नेमकं काय, हे तास-दीड तासात मोजून काढता येतं. मल्टिमीटर, नवं ब्लेड, क्रिम्पिंग टूल, चांगल्या तांब्याची ५ मीटरची केबल आणि लॅपटॉप एवढं सामान पुरतं. लाईनच्या मध्ये लावायचा पीओई टेस्टर असेल तर काम निम्मं होतं.

आधी ठरवा: वीज जातेय की डेटा?

लॅपटॉपवरून कॅमेऱ्याला सतत पिंग लावा, म्हणजे तो उत्तर देतोय का हे विचारत राहणारी आज्ञा. विंडोजमध्ये पिंग, कॅमेऱ्याचा आयपी पत्ता आणि शेवटी -टी (ping … -t). उत्तर दोन-पाच सेकंद थांबून परत सुरू झालं, तर कॅमेरा बंद झालेला नाही, फक्त लिंक तुटून पुन्हा जुळली. उत्तर ४० ते ९० सेकंद गायब राहिलं, तर कॅमेरा पूर्ण बंद पडून नव्याने सुरू झाला. स्विचवरही हे दिसतं. पोर्टचा पीओई दिवा आणि लिंकचा दिवा दोन्ही एकदम विझले तर वीज गेली. पीओई दिवा स्थिर आणि फक्त लिंकचा दिवा विझला तर डेटाच्या तारांकडे बघा. हा फरक न करता काम सुरू केलं तर अख्खा दिवस चुकीच्या बाजूला जातो.

बिघाड दिवसाउजेडी घडवून आणा

रात्रीची वाट बघायची गरज नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये डे-नाईटचा पर्याय असतो. तो ‘ऑटो’वरून काढून ‘नाईट’वर ठेवा आणि आयआरची तीव्रता हाताने शंभर टक्के करा. लॉगिन मिळत नसेल तर कॅमेऱ्याच्या तोंडावर जाड काळं कापड दुहेरी करून बांधा. काही सेकंदांत आतला फिल्टर सरकल्याचा बारीक ‘टक्’ आवाज येतो आणि चित्र काळं-पांढरं होतं. कापडाची कड जरा उचलून पाहिली की एलईडीची मंद लाली दिसते. ती दिसली नाही तरी फसू नका: ९४० नॅनोमीटरचे एलईडी डोळ्याला दिसतच नाहीत. पीटीझेड (मोटरवर फिरणारा आणि झूम करणारा) कॅमेरा असेल तर आयआर लावून तो चारही बाजूंना फिरवा आणि झूमही चालवा, कारण मोटर, झूम आणि एलईडी एकत्र चालतात तेव्हाच त्याची खरी भूक कळते.

किमान पंधरा मिनिटं तसंच ठेवा. जोड गरम झाल्यावरच सुटणारे दोष पाचव्या मिनिटाला दिसत नाहीत.

मग हीच चाचणी दोन तऱ्हांनी करा. आधी फक्त तक्रारीचा कॅमेरा नाईटवर आणि बाकीचे दिवसाच्या मोडवर. नंतर सगळे कॅमेरे एकदम नाईटवर. एकटा असतानाही कॅमेरा पडला तर दोष त्याच्या लाईनमध्ये आहे. एकटा टिकला आणि सगळे मिळून पडला तर दोष स्विचच्या बजेटमध्ये, म्हणजे तो एकूण किती वॅट देऊ शकतो त्यात आहे. पुढची सगळी तपासणी या एका उत्तरावरून फाटते, म्हणून ही पायरी कितीही घाई असली तरी गाळू नका.

सगळे मिळून पडतात: स्विचचं बजेट

आठ पोर्टचा पीओई स्विच म्हणजे आठही पोर्टवर पूर्ण वीज, असं नसतं. स्विचच्या पाटीवर एकूण पीओई वॅट लिहिलेले असतात. ६०-६५ वॅटचे आठ-पोर्टी स्विच बाजारात भरपूर आहेत. आठ कॅमेरे दिवसा ५ वॅटने ४० वॅट घेतात, सगळं ठीक. रात्री १० वॅटने ८० वॅट होतात. स्विच तेवढं देऊ शकत नाही आणि ज्या पोर्टला सर्वांत कमी प्राधान्य आहे त्याची वीज तोडतो. प्राधान्य ठरवलेलं नसेल तर बहुतेक स्विच मोठ्या क्रमांकाचा पोर्ट आधी सोडतात. म्हणून आठव्या पोर्टवरचा कॅमेरा पहिल्या पोर्टवर लावून बघा. आता दुसराच कॅमेरा पडू लागला, म्हणजे कारण सापडलं.

मॅनेज्ड स्विचमध्ये (ज्याच्या सेटिंग बदलता येतात अशा) आणखी एक खाच आहे. वीज वाटायच्या दोन पद्धती असतात: उपकरण प्रत्यक्ष किती घेतंय त्यावरून, किंवा त्याने सांगितलेल्या क्लासवरून. पीओई देताना स्विच आधी उपकरणाचा क्लास विचारतो. क्लास १ ला पोर्टवर ४ वॅट राखले जातात, क्लास २ ला ७, क्लास ३ ला १५.४ आणि क्लास ४ ला ३०. उपकरणाने क्लास सांगितलाच नाही तर तो क्लास शून्य धरतात आणि त्यालाही १५.४ वॅट राखतात. आता ६० वॅटच्या स्विचवर क्लास शून्यचे कॅमेरे लावा: ते प्रत्यक्षात ५ वॅट घेत असले तरी तिसऱ्या कॅमेऱ्यानंतर १३.८ वॅटच शिल्लक दिसतात आणि चौथ्याला वीज मिळत नाही. इथे स्विच बदलण्याआधी सेटिंगमध्ये वाटप प्रत्यक्ष वापरावर आणून बघा. मात्र रात्रीची खरी बेरीज बजेटमध्ये बसत असेल तरच. नवा स्विच घेताना रात्रीच्या बेरजेवर २० ते २५ टक्के जास्तीचे धरावेत.

बेरीज बसते आणि तरीही सगळे पडतात, तेव्हा स्विचचा अडॅप्टर तपासा. पाटीवर ५२ व्होल्ट असतात, पण तीन-चार वर्षं गच्चीच्या जिन्यातल्या बंद पत्र्याच्या डब्यात तापलेल्या अडॅप्टरचे कपॅसिटर थकतात. बिनलोडचं व्होल्टेज चांगलंच येतं. सगळे कॅमेरे नाईटवर असताना अडॅप्टरच्या टर्मिनलवर मोजा. पीओईच्या ८०२.३ एएफ या २००३ सालच्या मानकाप्रमाणे पोर्टवर ४४ ते ५७ व्होल्ट हवेत. जास्त वॅट देणाऱ्या २००९ सालच्या ८०२.३ एटी प्रमाणे किमान ५०. त्यामुळे एटी स्विचचा अडॅप्टर लोडवर ५० च्या खाली आला की तो बदला.

एकटाच पडतो: केबल

आता खरा विषय. पीओईत कॅमेऱ्याच्या आतला कन्व्हर्टर ठरावीक वॅट मागतो, ठरावीक करंट नाही. वाटेत व्होल्टेज उतरलं की तेवढेच वॅट मिळवायला तो जास्त करंट ओढतो. करंट वाढला की वाटेत व्होल्टेज आणखी उतरतं. लहान-लहान उणिवा एकमेकींवर चढत जातात आणि एखाद्या संध्याकाळी लाईन कोसळते, ती याच चक्रामुळे.

आकडे लावून बघू. कॅमेरा रात्री १२ वॅट घेतो, अंतर १०० मीटर, स्विच ४८ व्होल्ट देतो. केबलमध्ये आठ तारांच्या चार जोड्या असतात. एएफमध्ये वीज दोन जोड्यांतून जाते: एका जोडीच्या दोन्ही तारांतून जाते आणि दुसऱ्या जोडीच्या दोन्ही तारांतून परत येते. २४ गेजच्या (गेज म्हणजे तारेची जाडी, आकडा मोठा तेवढी तार बारीक) चांगल्या तांब्यात या अख्ख्या वाटेचा रेझिस्टन्स ९ ओहमच्या आसपास असतो. कॅमेऱ्यापाशी ४५.६ व्होल्ट पोचतात, स्विचला १२.६ वॅट द्यावे लागतात. काहीच अडचण नाही.

तीच लाईन २६ गेजच्या सीसीए केबलची करा. सीसीए म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार. गेज बारीक आणि धातू कमी वाहक, त्यामुळे वाटेचा रेझिस्टन्स २१ ओहमवर जातो. कॅमेऱ्यापाशी ४२ व्होल्ट, स्विचकडून १३.७ वॅट. कॅमेरा अजून चालतो, आणि म्हणूनच केबल बसवणाऱ्याचा समज होतो की केबल चांगली आहे. आता मध्ये एक गंजलेला जोड येऊ द्या, ८ ओहमचा. ३९.१ व्होल्ट, १४.७ वॅट. मे महिन्यात विदर्भातल्या गच्चीवर दिवसभर तापलेला पाईप संध्याकाळी ४५ अंशांवर असतो. तांबं असो की ॲल्युमिनियम, दर अंशामागे रेझिस्टन्स साधारण ०.४ टक्के वाढतो, म्हणजे २० अंशांच्या तुलनेत १० टक्के. आता ३८.२ व्होल्ट आणि १५.१ वॅट. शेवटी अडॅप्टर थकून ४८ चे ४६ व्होल्ट झाले की स्विचला १५.५ वॅटच्या वर द्यावे लागतात. मर्यादा १५.४ ची. पोर्ट बंद.

यात एकही गोष्ट एकटी जीवघेणी नव्हती. नवा कॅमेरा लावून यातला एकही आकडा हलत नाही.

मोठ्या लोडला ही सवलतसुद्धा मिळत नाही. २२ वॅटचा पीटीझेड कॅमेरा ५० व्होल्टवर याच २१ ओहमच्या केबलला लावला तर त्याच्यापाशी ३७.८ व्होल्टच पोचतात, तर एटी मानक उपकरणाला किमान ४२.५ व्होल्ट मिळावेत असं सांगतं. ९ ओहमच्या तांब्यावर तोच कॅमेरा ४५ च्या वर राहतो. पीटीझेड किंवा वायफायच्या मोठ्या ॲक्सेस पॉइंटला सीसीए केबल घालूच नये, अंतर कितीही कमी सांगितलं तरी. स्ट्रक्चर्ड केबलिंगची मानकंसुद्धा ती मान्य करत नाहीत.

केबल कशी मोजायची

दोन्ही टोकं उपकरणांतून काढा. एकही टोक कॅमेऱ्यात किंवा स्विचमध्ये राहिलं तर आतल्या ट्रान्सफॉर्मरमुळे आकडा खोटा येतो. लांबच्या टोकाचा कनेक्टर कापा, एका जोडीच्या दोन्ही तारा सोलून एकमेकींना घट्ट पिळा. जवळच्या टोकाला त्याच जोडीचा रेझिस्टन्स २०० ओहमच्या रेंजवर घ्या. मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून जो आकडा येतो (०.२ ते ०.५ ओहम) तो वजा करा. चारही जोड्या अशाच मोजा.

२४ गेजच्या तांब्याला १०० मीटरमागे एका जोडीचा लूप (एका तारेतून जाऊन दुसरीतून परत येण्याचा रेझिस्टन्स) १७ ते १९ ओहम येतो. ६० मीटरला १० ते ११.५. त्याच गेजच्या सीसीएला १०० मीटरमागे २६-२७, आणि २६ गेजच्या सीसीएला ४२ च्या आसपास. दोन जोड्यांतून वाहणाऱ्या विजेच्या वाटेचा रेझिस्टन्स याच्या निम्मा धरायचा. चारही जोड्यांचे आकडे सारख्या प्रमाणात जास्त असतील तर केबलच हलकी आहे किंवा अंतर सांगितल्यापेक्षा जास्त आहे. तोंडी सांगितलेल्या लांबीवर विश्वास ठेवू नका. बहुतेक केबलच्या आवरणावर दर मीटरला लांबीचा आकडा छापलेला असतो, दोन्ही टोकांचे आकडे वाचून वजाबाकी करा. तीन जोड्या १० ओहमच्या आणि एकच १६ ची आली तर केबल चांगली आहे, त्या जोडीत जोड खराब आहे.

एका जोडीतल्या दोन तारांतही फरक नको. फरक मोठा असला की पोर्टमधल्या ट्रान्सफॉर्मरमधून असमान करंट जातो, त्याचा गाभा संपृक्त होतो आणि डेटात चुका येतात. पीओई दिवा स्थिर, पण लोड वाढला की लिंक तुटते, हे त्याचं लक्षण. तपासायला तीन तारा लांबच्या टोकाला एकत्र पिळा आणि दोन-दोनचे तीन लूप मोजा. पहिली-दुसरी आणि पहिली-तिसरी यांची बेरीज करून त्यातून दुसरी-तिसरी वजा केली आणि निम्मं केलं की पहिल्या तारेचा स्वतंत्र आकडा मिळतो. मान्य फरक ३ टक्के किंवा ०.२ ओहम, जो जास्त असेल तो. साध्या मीटरला एवढं बारीक दिसत नाही, पण एक तार ५ ओहमची आणि तिची जोडीदार ८ ची असेल तर ते त्यालाही नक्की दिसतं. आणि प्रत्यक्षात दोष तसलेच असतात.

सीसीए ओळखायला मीटरही लागत नाही. सोललेल्या तारेवर ब्लेडची धार आडवी धरून हळू खरवडा. तांबं आतवर लालच राहतं. सीसीएचा लाल थर निघून खाली चांदीसारखी पांढरी चमक येते. पेटी विकत घेताना वजनही बोलतं. २४ गेजच्या ३०५ मीटरच्या पेटीत आवरण सोडून निव्वळ तांबंच साडेचार किलोच्या आसपास भरतं. सीसीएचा धातू त्याच लांबीला पावणेदोन किलोच्या आतबाहेर असतो. पेटी हातात हलकी लागली की पैसे देण्याआधी एक तार खरवडून बघा.

मीटर इथे फसवतो

‘पोर्टवर मीटर लावला, व्होल्टेजच येत नाही, पोर्ट गेलाय.’ हे वाक्य वारंवार ऐकू येतं आणि ते बहुतेकदा चुकीचं असतं. मानकाप्रमाणे चालणारा पोर्ट मोकळ्या तारेवर ४८ व्होल्ट सोडत नाही. तो २.८ ते १० व्होल्टचे छोटे ठोके देऊन पलीकडे २५ किलोओहमचा रेझिस्टर आहे का ते चाचपतो. १९ ते २६.५ किलोओहममध्ये उत्तर आलं तरच पुढे क्लास विचारतो, आणि मगच पूर्ण व्होल्टेज देतो. मीटरच्या आत मेगाओहम असतात, म्हणून पोर्ट त्याला उपकरण मानत नाही आणि आकडा उगाच उड्या मारत राहतो. व्होल्टेज मोजायचं तर कॅमेरा चालू असताना, लाईनमध्ये टेस्टर लावून, कॅमेऱ्याच्या बाजूला मोजा. स्विचच्या बाजूचा आकडा नेहमी गोंडस येतो.

पावसात बंद, उन्हात चालू

त्याच २५ किलोओहममुळे पावसाळ्यातलं एक कोडं सुटतं. बाहेरच्या कनेक्टरमध्ये ओल शिरली की पिनांमध्ये पाण्याची वाट तयार होते. ही गळती साधारण ८० किलोओहमच्या खाली गेली की २५ किलोओहमशी समांतर जुळून एकूण आकडा १९ च्या खाली येतो, आणि मग पोर्ट उपकरण ओळखेल याची खात्री राहत नाही. १५ च्या खाली तर त्याने नाकारायचंच असतं. गंमत अशी की कॅमेरा आधीपासून चालू असेल तर एवढ्या गळतीने तो बंद पडत नाही. वीज क्षणभर जाते, स्विच रीस्टार्ट होतो, आणि तोवर बरा चाललेला कॅमेरा परत येतच नाही. लोक म्हणतात लाईट गेल्यामुळे कॅमेरा जळला. दोन दिवस ऊन पडलं की तो आपोआप उठतो.

अशा कॅमेऱ्याचा जोड उघडून कनेक्टर उजेडात धरा. कोकणात, गोव्यात, मुंबईत समुद्राकडच्या भिंतीवर एका पावसाळ्यात सोनेरी पिनांवर हिरवट चुरा जमलेला दिसतो. पण तो आठही पिनांवर सारखा नसतो. डीसी वीज आणि खारट ओल एकत्र आली की धन बाजूचा धातू झिजतो. वीज मोकळ्या (डेटा न नेणाऱ्या) जोड्यांतून येत असेल तर पिन ४ आणि ५ धन असतात, ७ आणि ८ ऋण. अशा वेळी ४ आणि ५ काळ्या-हिरव्या आणि बाकीच्या बऱ्यापैकी स्वच्छ दिसतात. तेवढं दिसलं की आणखी पुरावा नको. कनेक्टर पुसून परत लावणं म्हणजे महिनाभराची उधारी. केबल हातभर मागून कापा, आतलं तांबं चकचकीत लागेपर्यंत मागे जा, नवा कनेक्टर लावा. कॅमेऱ्याच्या शेपटीवरची सॉकेटही गंजली असेल तर तिच्यावर नवा कनेक्टर टिकत नाही. शेपूट बदलावी लागते.

जोड परत करताना तो भिंतीवर नुसता लोंबता ठेवू नका आणि इन्सुलेशन टेपचा गोळाही करू नका; टेप पाणी अडवत नाही, आत गेलेलं साठवते. कॅमेऱ्याबरोबर येणारी रबरी वॉशरची टोपी वापरा. ती कनेक्टर क्रिम्प करण्याआधी केबलमध्ये ओवावी लागते, म्हणूनच ती निम्म्या ठिकाणी खोक्यातच राहिलेली असते. वर प्लास्टिकचा जंक्शन बॉक्स, केबल खालून आत घ्या, आणि आत शिरण्याआधी वीतभर झोळ खाली सोडा म्हणजे पाणी झोळाच्या टोकावरून गळून जाईल. पिनांवर सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक ग्रीस तुरीच्या दाण्याएवढं पुरतं.

चालू लाईनचा कनेक्टर उपटायचा नाही, हेही इथेच सांगायला हवं. लोड असताना उपटलं की पिनेच्या टोकावर बारीक ठिणगी पडते. आधी स्विचच्या सेटिंगमधून पोर्टची वीज बंद करा. साध्या स्विचला ती सोय नसते, तर स्विचचा प्लग काढा.

१२ आणि २४ व्होल्टचे जुगाड

दुकानांत जोडीने मिळणारे स्वस्त स्प्लिटर पीओई म्हणून विकले जातात, पण ते फक्त १२ व्होल्टचा अडॅप्टर पिन ४-५ आणि ७-८ वर चढवतात. ओळख नाही, क्लास नाही, संरक्षण नाही. हिशेब बघा. ६० मीटरच्या चांगल्या तांब्यात वाटेचा रेझिस्टन्स ५.४ ओहम. दिवसा २.५ वॅट घेणाऱ्या छोट्या कॅमेऱ्याला १०.७ व्होल्ट मिळतात, तो चालतो. रात्री ५ वॅट मागितले की ९ व्होल्ट. बहुतेक कॅमेरे इथेच गळतात. त्या लाईनमधून ६.७ वॅटच्या वर वीज पोचूच शकत नाही, अडॅप्टर १२ व्होल्ट ५ अँपिअरचा आणला तरी. अडॅप्टर मोठा करणं हा इथला सर्वांत सामान्य आणि सर्वांत निरुपयोगी उपाय आहे.

२४ व्होल्टच्या पॅसिव्ह (ओळख न विचारता थेट वीज घेणाऱ्या) उपकरणांचं तसंच. २१ ओहमच्या सीसीए लाईनवर २४ व्होल्टमधून जास्तीत जास्त ६.९ वॅट पोचतात. ८ वॅटचा रेडिओ तिथे कधीच स्थिर चालणार नाही. उपाय एकच: ४८ व्होल्टचा मानक स्विच किंवा इंजेक्टर (केबलमध्ये वीज चढवणारा डबा) स्विचच्या बाजूला आणि कॅमेऱ्यापाशी ४८ चं १२ करणारा एएफ स्प्लिटर. व्होल्टेज चौपट झालं की तेवढ्याच वॅटला करंट चौथाई होतो आणि वाटेतलं नुकसान सोळाव्या हिश्शावर येतं. ४८ व्होल्टचा पॅसिव्ह इंजेक्टर मात्र २४ व्होल्टच्या उपकरणाला चुकूनही लावू नका. तो काही न विचारता वीज सोडतो आणि उपकरण जळतं.

वेगळी लक्षणं, थोडक्यात

उपकरण दर काही सेकंदांनी चालू-बंद होतंय आणि ते अगदी कमी वीज घेणारं आहे, जसा एखादा सेन्सर: उपकरणाने किमान १० मिलीअँपिअर ओढत राहिलं नाही तर स्विच समजतो की ते काढून नेलंय, आणि वीज तोडतो. कॅमेऱ्याला पीओई आणि १२ व्होल्टचा अडॅप्टर दोन्ही लावले असतील तरी हेच होऊ शकतं. एक काढा.

ॲक्सेस पॉइंट चालतो पण रेंज किंवा वेग कमी: त्याला एटीची वीज हवी आहे आणि स्विच एएफएवढीच देतोय. स्विच एटीचा असेल तर त्यावर एलएलडीपी (उपकरणं आणि स्विच एकमेकांना माहिती सांगतात ती पद्धत) बंद केलंय का बघा. बरीच उपकरणं जादा वॅट त्याच्यामार्फतच मागून घेतात.

सगळ्या पोर्टवर एकदम चित्र अडखळतंय, वीज ठीक: स्विचच्या कडेचं २५० मीटरचं ‘एक्स्टेंड’ बटण कुणीतरी सरकवलंय. त्यात पोर्टचा वेग १० मेगाबिटवर उतरतो.

टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागतात, वीज येते, पण डेटात चुका: रंग जोडीने शेजारी-शेजारी लावलेत. पिन ३ आणि ६ एकाच जोडीच्या हव्यात. क्रम असा: सफेद-नारिंगी, नारिंगी, सफेद-हिरवा, निळा, सफेद-निळा, हिरवा, सफेद-तपकिरी, तपकिरी.

पहिल्या वळवाने दर वर्षी एकाच इमारतीकडचे पोर्ट जातात: दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल ताणलेली आहे. दोन्हीकडचं अर्थिंग वेगळं, वीज कडाडली की फरक केबलमधून धावतो. तिथे फायबर टाका आणि पलीकडे वेगळा पीओई स्विच ठेवा. अर्थिंग न जोडलेला सर्ज प्रोटेक्टर काहीही वाचवत नाही.

काम झाल्यावर

सगळे कॅमेरे नाईटवर ठेवून अर्धा तास पिंग चालू द्या. एकही उत्तर चुकता कामा नये. मग स्विचची वीज घालवून परत आणा. सगळे कॅमेरे एकदम उठताना लोड सर्वाधिक असतो, त्यातून सगळे परत आले पाहिजेत. नाईटची सेटिंग ‘ऑटो’वर आणायला विसरू नका, नाहीतर दुसऱ्या दिवशी रंग गेल्याची तक्रार येईल. शेवटी स्विचच्या डब्याच्या दाराला आतून एक कागद चिकटवा आणि प्रत्येक पोर्टसमोर लिहा: कॅमेरा कुठला, केबल किती मीटर, चारही जोड्यांचा लूप किती ओहम, नाईटवर किती वॅट, कॅमेऱ्यापाशी किती व्होल्ट, तारीख. पुढच्या पावसाळ्यात जो येईल त्याने तोच पोर्ट मोजला आणि ११ ओहमच्या जागी १७ दिसले, तर त्याला सरळ शिडी घेऊन त्या जोडापाशी जाता येईल.